मेणातली कीन

इनिश गॉर्व बेट
९ सप्टेंबर १९३७

कॉनलदादा,

तू बोटीत बसून गेलास त्याला आता तीन आठवडे झाले. तेवढ्यात चार वेळा कागद घेऊन बसले आणि चार वेळा उठले. मला पत्र लिहायची सवय नाही. शाळेत मास्तर उभं करून धडा म्हणायला लावायचे तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटायची, पोरं बाकं वाजवून हसायची, म्हणून तेराव्या वर्षीच घरी बसले. पण कागद काही हसत नाही. तेव्हा सांगते ते नीट ऐक.

तुझ्या त्या आवाज भरायच्या मेणाच्या नळ्या आहेत ना, त्यातल्या ज्या नळीवर गोर्मलाआत्याची कीन, ते मेलेल्याला रडायचं गाणं, आहे ती खरवडून टाक. तूच मला दाखवलं होतंस, नळीवरचं ऐकून कागदावर उतरवलं की वरचं मेण तासायचं, म्हणजे नळी परत कोरी होते. तसं कर. लगेच कर.

तू डब्लिनमध्ये वाढलास, पण तुझी आई इथलीच, तेव्हा हे तुला ठाऊक असायला हवं. घरात प्रेत असल्याशिवाय कीन घालत नाहीत. असलं तरी मेलेल्याला धुऊन, कपडे घालून, नीट निजवल्यावरच. प्रेत नसताना घातली तर ती हिंडत राहते, आपलं माणूस शोधत. आत्यानं तीन बेटांवरच्या माणसांना कीन घातली, माझ्या आईला घातली, पण चुलीपाशी बसून गुणगुणली असंही कधी झालं नाही. तुला आठ वेळा नाही म्हणाली. नवव्या वेळी मी मध्ये पडले. म्हटलं, आत्या, तू गेलीस की हा आवाज कुठे मिळणार? तिनं माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "तुला हवंय का गं?" मी मान हलवली. एवढंच. पण ती मान मीच हलवली ना.

यंत्र तू शाळेत लावलं होतंस, आत काय झालं ते तुला माहीत. मला तिनं शाळेबाहेर काढून दार लावून घेतलं होतं. मी जळणाच्या ढिगाआड बसले. त्या दिवशी समुद्राला उधाण होतं, शब्द एक कळला नाही, नुसता सूर वर जायचा आणि खाली यायचा. बाहेर आली तेव्हा डोक्याला रुमाल बांधत म्हणाली, चल, चहा टाक.

आता मेव्हचं सांगते. माझ्या बहिणीचं मागचं बाळ राहिलं नाही हे तू ऐकलं असशील. जानेवारीत परत दिवस भरतात. तिचा नवरा फेलिम स्कॉटलंडात बटाटे काढायला गेलाय, तो नाताळशिवाय येत नाही. घरात मी आणि ती, शेजारी आत्या. आणि कीन मोकळी सुटलेली. ओइन टपालवाला परवा बोटीतून ओरडून विचारतो, "काय गं रोशा, सुतार विचारतोय, शवपेटीचं माप कुणाचं घेऊ?" सगळे हसले. मेव्ह पण हसली, पण हात पोटावर गेला तिचा.

सोमवारी दुपारी मी शाळेवरून येत होते. मास्तर पलीकडे गेलेत, कुलूप लावून. आतून सूर येत होता. वर जायचा आणि खाली यायचा.

खरवड, दादा.

रोशा


डब्लिन
२० सप्टेंबर १९३७

रोशाबाई,

तीन आठवडे माझ्या तोंडासमोर बसून तू 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलली नाहीस, आणि आता चांगले दोन कागद भरून भांडतेस. मला आवडलं. असंच लिहीत जा.

यंत्राला पाप कळत नाही आणि पुण्यही कळत नाही. एक सुई असते, ती मेणावर रेघ ओढते. रेघ कुणाला मारत नाही. बंद शाळेतून येतो तो वारा, खिडकीची वरची काच फुटलीय हे मी स्वतः बघितलंय. तिथे पुठ्ठा लाव. मेव्हला सांग, दूध पी आणि ओइनचं ऐकू नकोस, त्याला दुसरा उद्योग नाही.

नळी लगेच खरवडता येणार नाही. आमच्या प्राध्यापकांनी ती ऐकली आणि तेव्हापासून ते या एकाच शब्दामागे लागलेत. माझ्या टेबलावर 'कीन'च्या चिठ्ठ्यांचा ढीग आहे. आपल्याकडे कीन म्हणजे मेलेल्याला रडणं. स्कॉटलंडच्या बेटांवर शब्दही तोच आणि रडणंही तेच. मॅन बेटावर आता बोलणारी म्हातारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत, त्यांच्यातल्या एकानं त्याच जातीचा शब्द सांगितला, जरा वाकडा उच्चारून. वेल्समध्ये त्याचा भाऊबंद वाटणारा एक शब्द आहे, पण तिथे तो नुसता गाऱ्हाण्यापुरता उरलाय. शेजाऱ्याची बकरी कोबी खाऊन गेली तरी तो चालतो. आणि आपल्याकडेच तसाच उच्चारला जाणारा आणखी एक शब्द आहे, त्याचा अर्थ मऊ, मायाळू. दोघांचं नातं आहे की नाही यावर इथे दोन म्हातारे एकमेकांशी बोलत नाहीत.

आता तुझ्यासाठी काम. प्राध्यापकांना हे हवंय: तुमच्या बेटावर 'ती कीन घालते' एवढंच म्हणून कुणी थांबतं का? की ते कुणाला, त्याचं नाव लगेच यावं लागतं? म्हणजे हे क्रियापद एकटं राहू शकतं का? तू लाजाळू आहेस हे माहितीय, पण आत्याला विचारायला लाजायचं कारण नाही. विचार आणि ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिही.

ती बरी आहे ना? जेवतेखाते? ते पण लिही.

तुझा दादा,
कॉनल


इनिश गॉर्व
११ ऑक्टोबर १९३७

कॉनलदादा,

पुठ्ठा लावला. सूर थांबला नाही.

तुझा प्रश्न आत्याला विचारला. ती बटाट्याच्या वाफ्यात वाकलेली होती. आधी मोठ्यानं हसली, मग म्हणाली, "नाव घेतल्याशिवाय रडते ती मांजर." मग कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली आणि म्हणाली, त्या पोराला लिही, कीन कधी एकटी नसते. तिला माणूस लागतो. पोळी भाजायला पीठ लागतं तसा. तुमचे प्राध्यापक काय हवा भाजतात का?

मी इथेच विचारायला हवं होतं, मग त्या दिवशी शाळेत तू कुणाला घातलीस? ओठावर आलं होतं. पण तुला माहितीय माझं.

दादा, ती बरी नाहीये. म्हणजे जेवते, चालते, ओइनला शिव्या देते, सगळं करते. पण तिनं काळी कोंबडी मेव्हला देऊन टाकली. अंडी देणारी, चांगली. म्हणाली, बाळंतिणीला लागतील. मागच्या रविवारी स्वतःची तपकिरी शाल माझ्या खांद्यावर घातली आणि परत घेईना. आणि आता घराला चुना लावतेय. ऑक्टोबरात! हिवाळ्याच्या तोंडावर इथे कुणी भिंतीला हात लावत नाही, पहिल्याच वादळात सगळं धुऊन निघतं. मी म्हटलं तर म्हणते, पाहुणे यायचेत, घर चांगलं दिसायला नको? कसले पाहुणे? आमच्याकडे वर्षात एक तू आलास. मला वाटतं तिला भीती बसलीय. केलं ते चुकलं हे तिलाही कळलंय, म्हणून काही ना काही करत राहते.

मेव्हचं ऐक. मंगळवारी भर दुपारी ती विहिरीवर गेली होती. तिनंही ऐकलं. मी तिला शाळेचं काहीच सांगितलं नव्हतं, मुद्दाम. ती आली ती भिंत धरत धरत, बादली तिथेच टाकून. म्हणाली, "रोशा, कुणीतरी रडतंय गं, आणि मध्ये मध्ये थांबतंय, जसं काही नाव आठवत नाहीये." त्याच संध्याकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. तेव्हापासून निजून आहे. आत्या पाय चोळते, म्हणते सगळं ठीक आहे. पण मागच्या वेळी पण असंच दुखलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी मेलेले घरी येतात. त्यांच्यासाठी चुलीपाशी जागा सोडतो आम्ही, तुम्ही डब्लिनमध्ये सोडता का माहीत नाही. तोवर ती कीन मोकळी राहिली तर ती त्यांच्याबरोबर सरळ आमच्या घरात येईल. मला लिहिता येतं तेवढं लिहिलं. मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही. हे मागते.

रोशा


डब्लिन
२३ ऑक्टोबर १९३७

रोशा,

केलं.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी नळी खरवडली. खात्री पटावी म्हणून सांगतो. नळी यंत्रावर चढवली, तासायचं पातं लावलं आणि हातानं सावकाश फिरवली. मेणाची दोऱ्यासारखी बारीक वेटोळी निघाली, गडद तपकिरी. ती टेबलावर पडली, तिथून जमिनीवर. झाडणाऱ्या बाईंनी भरून नेली. आता नळी काचेसारखी गुळगुळीत आहे, उद्या तिच्यावर कुणीतरी लोणी काढायचं गाणं म्हणेल.

मेव्हला सांग, आता काही नाही. उठून बस म्हणावं.

आत्याच्या घराला चुना लावून झाला का? तिला एकटीला शिडीवर चढू देऊ नकोस. शाल तिला परत दे. कोंबडी पण. काहीतरी निमित्त काढून दे. शक्य असेल तर रोज सकाळी जाऊन तिला बघून ये.

कॉनल


इनिश गॉर्व
१४ नोव्हेंबर १९३७

कॉनलदादा,

तुझे उपकार कसे फेडू. तुझं पत्र मी ओइनच्या बोटीपाशीच उभी राहून वाचलं आणि धावत घरी गेले. मेव्हनं दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी उठली, अंथरुणं उन्हात घातली, फेलिमला शिव्या घातल्या की नाताळपर्यंत काय बटाट्यांशी लग्न लावलंय. म्हणजे बरी आहे.

शाळेतला सूर थांबला.

शाल परत द्यायला गेले तर आत्यानं दारातच हात वर केला. कोंबडीचं तर नाव काढू देत नाही.

एक गोष्ट मला कळली नाही, ती विचारते. नळी खरवडली हे मी मोठ्या आनंदानं आत्याला सांगायला गेले. वाटलं, तिच्या छातीवरचं ओझं उतरेल. ती बटाटे सोलत होती. सुरी थांबली. साल अर्धी लोंबत राहिली. म्हणाली, "त्या पोरानं मला शब्द दिला होता." मी विचारलं, कसला शब्द? तिनं साल पुरी काढली, बटाटा पाण्यात टाकला, म्हणाली, जाऊ दे, ऐकवायला वारा तरी आहे.

रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी दिवा न लावता बसली होती.

काय शब्द दिला होतास तू तिला?

रोशा


इनिश गॉर्व
१९ जानेवारी १९३८

कॉनलदादा,

तुझं उत्तर आलं नाही. नाताळपासून बोट अर्ध्या वेळा सुटतच नाही, तेव्हा कदाचित पलीकडे पडून असेल. की लिहिलंच नाहीस?

मेव्हला मुलगी झाली. तेरा तारखेला. आत्यानंच सोडवली. दोन दिवस लागले, आडवं होतं, आत्यानं बाहेरून हात फिरवून फिरवून वळवलं. मी पाणी तापवत होते आणि मनात एकच, मेव्ह नको, मेव्ह नको. मग पोर रडली. फेलिम दाराबाहेर उभा होता तो तसाच आत धावला. आत्यानं हात धुतले, चहा घेतला, तीन कप, आणि म्हणाली, आता मी मोकळी.

पंधराला सकाळी मी तिला दूध द्यायला गेले. खुर्चीत होती, चुलीकडे तोंड करून, पाइप मांडीवर. पाइप गरम होता अजून. ती नव्हती.

मला आधी काय वाटलं ते सांगते, सांगायला लाज वाटते. मला वाटलं, सुटलो. मेव्ह सुटली. कीनला तिचं माणूस मिळालं. मग तिच्याकडे बघितलं, पांढऱ्या धुतलेल्या भिंतींमध्ये ती बसलेली, आणि मला कळलं पाहुणे कोण ते. सगळं बेट आलं. पलीकडच्या दोन बेटांवरून वादळात होड्या घालून आले. घड्याळ बंद केलं, आरसा झाकला, तंबाखूची ताटली तिच्या छातीवर ठेवली. सगळं रीतसर. फक्त एक नव्हतं.

तिला कीन घालायला कुणी नव्हतं, दादा. फादरनी वेदीवरून बंद करायला सांगून पंधरा वर्षं झाली, त्यानंतर कुणी शिकलंच नाही. एकटी आत्या त्यांचं न ऐकता घालायची. सगळ्या म्हाताऱ्या भिंतीला टेकून ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. एकमेकींकडे बघत होत्या, की तू, की तू. तीन बेटांना रडलेली बाई मुकी चालली होती.

आणि तिचा आवाज जगात एका ठिकाणी होता तो मी तुझ्या पाया पडून पुसायला लावला. त्याची वेटोळी झाडणारी बाई घेऊन गेली.

सतराला दुपारी पेटी उचलली. त्या वेळी जे झालं ते मला आत्ता लिहवत नाही.

रोशा


डब्लिन
२७ जानेवारी १९३८

रोशा,

तुझं पत्र माझ्यासमोर आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी नोव्हेंबरातच लिहिलं होतं, ते टपालात टाकलं नाही. आता सगळं सांगतो. शेवटपर्यंत वाच, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

नळी मी खरवडलेली नाही. खोटं लिहिलं. ती इथे आहे, माझ्या खणात, कापसात गुंडाळून.

त्या दिवशी शाळेत दार लावल्यावर आत्या यंत्रासमोर लगेच उभी राहिली नाही. खिडकीतून तुला बघत होती, तू जळणाच्या ढिगाआड गुडघ्यांत मान घालून बसली होतीस. मला म्हणाली, "हे बघ पोरा, प्रेताशिवाय घालायची नसते. पण त्या पोरीला हवंय, आणि तिनं जन्मात काही मागितलेलं नाही. तेव्हा मी माणूस देते तिला." मी विचारलं, कुणाला? म्हणाली, मला. मी स्वतःला घालते. म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या दारी जाणार नाही.

मी हसलो होतो, रोशा. खरंच हसलो होतो.

मग तिनं माझ्याकडून दोन शब्द घेतले. एक, पोरीला सांगायचं नाही, नाहीतर ती मला क्षणभर एकटं सोडणार नाही. दुसरा, मी जिवंत आहे तोवर नळी जपायची, आणि मी गेले की खरवडायची. तू तिला नळी गेली म्हणून सांगितलंस तेव्हा तिला वाटलं मी तिला दिलेला शब्द मोडला. मोडला नव्हता. पण हे तिला कळवायचं तर तुला खोटं सांगितलं हे कळवावं लागलं असतं. मी गप्प बसलो. हे मी आयुष्यभर धुऊ शकणार नाही.

आणि ऑक्टोबरात तुझं पत्र आलं, कोंबडीचं, शालीचं, चुन्याचं. ते वाचून मी खुर्चीतून उठलो. कारण ते सगळं ऑगस्टमध्येच माझ्याकडे लिहिलेलं होतं. खाली देतो, नळीवरून उतरवलं तसं:

गोर्मला, योअनची लेक,
मी तुला रडते, दुसरं कोण आहे?
तीन बेटांची दारं तू ओली केलीस,
तुझ्या दारात कोरडे ओठ बसले.
तुझी काळी कोंबडी दुसऱ्या चुलीपाशी गेली,
तुझी शाल दुसऱ्या खांद्यावर.
हिवाळ्याच्या तोंडावर भिंती पांढऱ्या केल्यास,
पाहुणे येणार म्हणून.
शेवटचं मूल हातात घेतलंस,
आणि ते रडलं.

यानंतर एक ओळ आहे ती मला लागत नाही. सुई तिथे अडखळते, तिचा आवाजही खाली जातो. पन्नासदा ऐकली असेल. मग परत 'गोर्मला, योअनची लेक', आणि संपतं.

आता विचारतो. तिचा शब्द पाळायचा तर मी आजच पातं लावायला हवं. माझा हात होत नाही. प्राध्यापक म्हणतात, एवढी पुरी, एवढी जिवंत कीन त्यांच्या कानावर आली नव्हती. ते म्हणतात ती संग्रहाच्या पेटीत ठेवू, शंभर वर्षांनी लोक ऐकतील. मलाही तसं वाटतं. वाटतं की तिला आता कुणीच रडलेलं नाही, तर निदान हे राहू दे. ईस्टरला मी यंत्र घेऊन येतो, तिच्या कबरीपाशी लावतो, सगळे ऐकतील. मग नळी तशीच ठेवू.

तू तिची. तू म्हणशील ते करतो.

कॉनल


इनिश गॉर्व
२० फेब्रुवारी १९३८

कॉनलदादा,

बोट पंधरा दिवस आली नाही. तुझं पत्र काल मिळालं. महिन्याच्या प्रार्थनेला फादर आले त्याच बोटीतून.

आधी रागावले. मग परत वाचलं. मग आत्याच्या घरी गेले, तिच्या खुर्चीत बसून तिसऱ्यांदा वाचलं. भिंतींचा चुना वादळानं बाहेरून गेलाय, आतून आहे.

मी पण एक खोटं लिहिलं होतं. सूर थांबला असं नोव्हेंबरात लिहिलं ना, तो थांबला नव्हता. रोज यायचा. तू एवढं केलंस तर तुला वाईट वाटायला नको म्हणून लिहिलं. मला वाटायचं, माझ्याच डोक्यात बिघाड झालाय. आता कळलं, तू खरवडली नव्हतीस म्हणून तो होता.

आता सतरा तारखेचं लिहिते. पेटीवर झाकण ठेवायला चौघे पुढे आले. बायकांचे ओठ मिटलेले. ओइन कोपऱ्यात टोपी चुरगाळत उभा. एवढ्यात कुणीतरी कीन धरली. मी वळून बघितलं कोण ते. सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की तोंड माझं उघडं आहे.

दादा, मी शाळेत चार ओळी म्हणू शकले नाही कधी. मी भर घरात, तीन बेटांसमोर, पेटीवर दोन्ही हात ठेवून, आत्याला रडले. जीभ कुठे अडली नाही. सूर मला ठाऊक होता, तो मी चार-पाच महिने ऐकत होते. पण शब्द आले कुठून? मेव्ह म्हणते, कोंबडी, शाल, चुना सगळं तू डोळ्यांनी बघितलं होतंस, म्हणून आलं. मीही तसंच समजत होते. कालपर्यंत.

काल तुझा कागद वाचला. तेच शब्द आहेत. त्याच क्रमानं. मेव्हला दाखवला तर तिनं बाळाला उचलून छातीशी धरलं. बायकांनाही पाठ आहेत, त्यांना विचारून घेतलं. ओइन म्हणाला, मी एवढंच सांगतो की ती आवाजानं रोशा नव्हती. आणि पहिल्यांदाच मस्करी केली नाही त्यानं.

तुला लागत नाही ती ओळ मी म्हटली होती. 'ते रडलं' याच्या नंतर. ती अशी आहे:

दाराबाहेर मुकी पोर बसलीय,
तिच्या तोंडी मला ठेवते.

तेव्हा असं कर. नळी एकदा लाव. एकदाच. तिथे सुई अडखळते तिथे कान दे, आणि मी लिहिलंय तेच आहे की नाही बघ. मग पातं लाव आणि खरवड. ईस्टरला यंत्र आणू नकोस. तू रिकाम्या हातानं ये, मी भाकरी करते, मेव्हची पोर बघ.

तिला कुणी रडलं नाही असं तू लिहिलंस. रडलं. तिचं माणूस तिला मिळालं. एका माणसाला दोनदा घालत नाहीत, आणि शंभर वर्षांनी तुमच्या पेटीतून कुणी ती काढून लावली, तर त्या खोलीत ती परत विचारेल, कुणाला? तिथे तेव्हा कोण बसलेलं असेल, मला काय माहीत.

प्राध्यापकांना लिहून घ्यायचं तर घेऊ दे. शब्द कागदावर गप्प असतात.

सूर अजून येतो. आज सकाळीच, मी शेवाळ गोळा करायला गेले तेव्हा. मला भीती वाटली नाही, पण ती दमलीय असं वाटलं. तू खरवडशील त्या दिवशी तो थांबेल. या वेळी खोटं लिहू नकोस, दादा. मला इथे कळेल.

रोशा